पंपिंग २० टक्क्यांवर आलंय, आता पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी होते त्या आजाराच्या, गोळ्यांवर लिहिलं होतं, कुठली गोळी कशासाठी, रोज सकाळी वजन का करायचं वगैरे. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांमधला प्रश्न पुढचाच होता, की गोळ्या सगळ्या चालू आहेत पण माणूस खचतच चाललाय, मग आता काय? म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीये. नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय. पत्रांमध्ये 'पंपिंग' येतं ते म्हणजे हृदय एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा.

प्रश्न : माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, मेकॅनिक आहेत. तीन वर्षांपूर्वी अटॅक आला, स्टेंट टाकली, तेव्हापासून पंपिंग कमीच आहे, आधी ३० होतं आता २० सांगतायत. या सहा महिन्यांत तीनदा ॲडमिट केलं, दर वेळी छातीत पाणी झालं म्हणून. घरी आले की आठ-दहा दिवस बरे जातात मग परत पाय सुजतात, रात्री उशांना टेकून बसूनच झोपतात. बीपी ८५-९० असतं म्हणून दोन गोळ्या बंद केल्यात. ट्रान्सप्लांटचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले अजून ती वेळ आलेली नाही, बघू. ती वेळ कधी येते? (सातारा)

उत्तर : ताई, स्पष्टच लिहिते, ती वेळ आलेली आहे. म्हणजे उद्या ऑपरेशन करायचं असं नाही, पण हृदय प्रत्यारोपण करणाऱ्या सेंटरला जाऊन एकदा पूर्ण तपासणी करून घ्यायची वेळ नक्की आलीये, आणि त्याच्या खुणा तुम्ही स्वतःच लिहिल्यात. वर्षभरात एकापेक्षा जास्त वेळा पाणी होऊन ॲडमिट व्हावं लागलं ही एक. बीपी इतकं खाली की हृदय वाचवणाऱ्या गोळ्याच बंद कराव्या लागल्या ही दुसरी, आणि ही खूण अनेकदा 'बीपी जरा कमी आहे' एवढ्यावर सोडून दिली जाते पण मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. शिवाय आडवं होऊन झोपता येत नाही, पंपिंग २० वर आलंय. याच्या जोडीला लघवीच्या गोळीचा डोस सारखा वाढवावा लागतोय का, किडनीचं क्रिएटिनिन चढतंय का, सोडियम उतरतंय का, जेवण तुटून दंडा-मांड्यांचं मांस झडायला लागलंय का, तेही रिपोर्ट काढून बघा. यातल्या दोन-तीन गोष्टी जरी जुळल्या तरी त्याला आम्ही ॲडव्हान्स्ड हार्ट फेल्युअर म्हणतो आणि मग नुसतं थांबून राहणं हा काही उपचार होत नाही.

'बघू' मध्ये धोका नेमका काय ते सांगते. हृदयाची डावी बाजू थकली की मागे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर वाढत जातं. सुरुवातीला ते औषधांनी उतरतं, पण बरेच महिने-वर्षं तसंच राहिलं तर त्या वाहिन्या जाड आणि कडक होतात, आणि मग नवीन हृदय बसवलं तरी त्याच्या उजव्या बाजूला एवढ्या प्रेशरविरुद्ध रक्त ढकलायची सवयच नसते, ते ऑपरेशन टेबलावरच दम तोडू शकतं. म्हणजे ज्याला सहा महिन्यांपूर्वी हृदय देता आलं असतं त्याला आज देता येत नाही असं होतं. किडनीचंही तसंच, लिव्हरचंही तसंच. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की माणूस स्वतःच्या पायांनी चालत सेंटरला जाऊ शकतोय तोवरच जा, ॲम्ब्युलन्समधून न्यायची वेळ आली की अर्धे पर्याय आधीच हातातून गेलेले असतात.

तिथे काय करतात? मानेच्या शिरेतून बारीक नळी घालून फुफ्फुसातलं प्रेशर प्रत्यक्ष मोजतात, ती तपासणी सगळ्यात महत्त्वाची. जमत असेल तर तोंडाला मास्क लावून सायकल किंवा ट्रेडमिलवर चालवून शरीर किती ऑक्सिजन वापरतंय ते बघतात. रक्तगट, अँटीबॉडी, टीबी, कावीळ, दात, फुफ्फुसं, कुठे कॅन्सर नाही ना, सगळं तपासतात. तंबाखू, मिसरी, दारू यातलं काही चालू असेल तर आजच बंद करा कारण बहुतेक सेंटर निदान सहा महिने सुटलेलं असल्याशिवाय यादीत नाव घालत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेविकाही बोलतात, तेव्हा घरची परिस्थिती काहीही न लपवता सांगा.

आणि ट्रान्सप्लांटच्या आधी दुरुस्त करता येण्यासारखं काही राहून गेलंय का तेही तिथेच बघितलं जातं. ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक (रक्ताच्या नळीतला नव्हे, हृदयातल्या विजेच्या वाटेतला) असेल आणि त्याची पट्टी रुंद असेल तर तीन वायरींचा पेसमेकर, म्हणजे सीआरटी, बसवून काहींचं पंपिंग खरोखर सुधारतं. झडप खूप लीक होत असेल तर निवडक पेशंटमध्ये छाती न उघडता मांडीतून क्लिप लावता येते. लोह कमी असेल तर सलाईनमधून देतात, गोळ्यांनी या आजारात फारसा उपयोग होत नाही. थायरॉइड, अनियमित ठोके हेही बघतात, आणि हो, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, त्यांच्यामुळे शरीरात पाणी साठतं आणि किडनीला मार बसतो. मिस्टर अशा काही गोळ्या घेतात का ते आधी विचारा.

जाताना सगळे जुने इको, अँजिओची सीडी, प्रत्येक डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून न्या. तुमच्या डॉक्टरांना वाईट वाटेल असं मनात आणू नका, त्यांच्याकडूनच रेफरन्सची चिठ्ठी मागा.

प्रश्न : वडील ६८, इकोमध्ये पंपिंग २५ टक्के आलं. म्हणजे हृदयाचा पाऊणभाग मेला असंच ना? ते रोज दोन किलोमीटर चालून मंदिरात जातात, त्यांना काहीच त्रास नाही. नातेवाईक म्हणतात ट्रान्सप्लांटला नाव घाला. (सोलापूर)

उत्तर : नाही हो, पाऊणभाग मेला असं अजिबात नाही. निरोगी हृदयसुद्धा आतलं सगळं रक्त बाहेर फेकत नाही, एका ठोक्याला साधारण ५५ ते ७० टक्केच फेकतं. त्यामुळे २५ ची तुलना १०० शी करू नका, ६० शी करा. आणि नुसत्या आकड्यावर ट्रान्सप्लांट ठरत नाही, माणूस काय करू शकतो त्यावर ठरतं. दोन किलोमीटर न दमता चालणाऱ्या माणसाला नवीन हृदय बसवणं म्हणजे त्याला विनाकारण धोक्यात घालणं आहे.

त्यांना आत्ता गरज आहे ती चारही प्रकारच्या गोळ्या चालू असण्याची आणि त्यांचे डोस हळूहळू पूर्ण मात्रेपर्यंत नेण्याची. बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची शुगरची गोळी म्हणून ओळखली जाते पण शुगर नसली तरी हृदयासाठी देतात, तेव्हा 'मला डायबेटिस नाही मग ही का' म्हणून बंद करू नका. पूर्वी हे सगळं महाग पडायचं. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची जेनेरिक २०२३ पासून आणि एम्पाग्लिफ्लोझिनची २०२५ पासून आपल्याकडे बऱ्याच कंपन्या काढतायत, किमती खूप उतरल्यात, केमिस्टकडे विचारा. पूर्ण डोसवर तीन महिने झाल्यावर परत इको करा. पंपिंग तरीही ३५ च्या आत राहिलं तर अचानक ठोके बिघडून जीव जाऊ नये म्हणून एआयसीडी, म्हणजे आतून शॉक देणाऱ्या मशीनचा विचार होतो. आणि सुधारलं तर देवाचे आभार माना पण गोळ्या सोडू नका, कारण बरं झालेल्या पेशंटच्या गोळ्या मुद्दाम थांबवून बघितलेला एक अभ्यास झालाय त्यात सहा महिन्यांत साधारण चाळीस टक्के लोकांचं हृदय परत बिघडलं.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, हृदय मोठं झालंय, ट्रान्सप्लांटशिवाय इलाज नाही म्हणून सांगितलं. आम्ही गोव्याचे, मुंबईत नाव नोंदवता येतं का? किती दिवस लागतात? एक माणूस भेटलेला, तो म्हणतो पाच लाख द्या, यादीत नंबर वर आणून देतो. (फोंडा)

उत्तर : आधी त्या माणसाचं. त्याला एक पैसा देऊ नका आणि सेंटरच्या डॉक्टरांना त्याच्याबद्दल सांगा. अवयवासाठी पैशाचा व्यवहार करणं १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं तुरुंग आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे, आणि या जाळ्यात पैसे देणाराही अडकतो. शिवाय तो जे विकतोय ते त्याच्याकडे नाहीच. हृदय कुणाला जाणार हे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती, म्हणजे झेडटीसीसी, ठरवते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार समित्या महाराष्ट्रात आहेत.

नाव नोंदवता येतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने रहिवासी असल्याची अट काढून टाकली, ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली आणि नोंदणीसाठी फी घ्यायची नाही असं राज्यांना सांगितलं. गोवा तसाही पश्चिम विभागात येतो आणि त्या विभागाचं कार्यालय परळच्या केईएममध्ये आहे. फक्त नोंदणी तुम्ही स्वतः करू शकत नाही, प्रत्यारोपणाची परवानगी असलेलं हॉस्पिटलच करतं, आणि ती एकाच ठिकाणी करायची असते.

किती दिवस लागतील हे मात्र मी सांगितलं तर ते खोटं होईल. कुणाला दोन आठवड्यांत फोन येतो, कुणाचं वर्ष उलटतं. आपल्या देशात सगळी मिळून वर्षाला दोन-अडीचशे हृदय प्रत्यारोपणं होतात आणि गरज असलेले त्याच्या कितीतरी पट आहेत. रक्तगट जुळावा लागतो, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची उंची-वजन साधारण जुळावी लागते, ६५ किलोच्या माणसाला ४० किलोच्या मुलीचं हृदय पुरत नाही. ओ गटाला जास्त थांबावं लागतं कारण ओ चं हृदय इतर गटांनाही चालू शकतं पण ओ च्या पेशंटला फक्त ओ चंच चालतं. आयसीयूत मशीनच्या आधारावर असलेल्या पेशंटला अर्जंट म्हणून पुढे घेतलं जातं, त्यामुळे कुणी तुमच्या पुढे गेलं तर त्यात काही काळंबेरं आहे असं समजू नका.

आणि अंतराचा विचार आजच करा. हृदय काढल्यापासून ते दुसऱ्याच्या छातीत परत धडधडेपर्यंत साधारण चार तासच हातात असतात. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून मुलुंडला हृदय आणलं गेलं तेव्हा पोलिसांनी रस्ते मोकळे केले, विमान वापरलं, तेव्हापासून 'ग्रीन कॉरिडॉर' हा शब्द आपल्याकडे घरोघरी गेला. हृदयासाठी रस्ता मोकळा करतात पण पेशंटला स्वतःलाच पोचावं लागतं, आणि फोंड्याहून रात्री दोनला फोन आल्यावर मुंबई गाठणं अवघड आहे. यादीत नाव लागल्यावर सेंटरजवळ खोली घेऊन राहता येईल का ते घरात बसून ठरवा. दोन-तीन नंबर कोऑर्डिनेटरकडे द्या, आणि एकही कधी बंद ठेवू नका. वाट बघण्याच्या काळात फोनमध्ये रिचार्ज संपला म्हणून हृदय दुसऱ्याला गेलं असं होऊ देऊ नका.

प्रश्न : दिरांना डॉक्टरांनी एलव्हीएडी म्हणून मशीन सुचवलंय. खर्च ऐकून आम्ही हबकलो. ते ट्रान्सप्लांटपेक्षा चांगलं असतं का? आमचं घर तालुक्याच्या गावाला आहे. (नागपूर जिल्हा)

उत्तर : एलव्हीएडी म्हणजे मुठीएवढा पंप, तो डाव्या कप्प्याच्या टोकाला बसवतात आणि तो तिथून रक्त ओढून महाधमनीत टाकतो. पेशंटचं स्वतःचं हृदय आतच राहतं. पोटातून एक वायर बाहेर येते ती कमरेच्या कंट्रोलरला आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते. सध्या जगभर हार्टमेट थ्री हे मॉडेल चालतं आणि त्याचे आकडे खरंच चांगले आहेत, मोठ्या अभ्यासात पाच वर्षांनी शंभरातले ५८ पेशंट जिवंत होते, आणि हे असे पेशंट की ज्यांचं मशीनशिवाय वर्ष निघणं कठीण होतं. ट्रान्सप्लांटच्या बाबतीत जगातल्या नोंदी बघितल्या तर निम्म्याहून जास्त लोक बारा वर्षांच्या पुढे जातात. म्हणून वय आणि बाकी तब्येत साथ देत असेल तर माझं मत ट्रान्सप्लांटकडेच आहे. मशीन कुणासाठी? ज्याला यादीत थांबण्याएवढा वेळच नाही त्याच्यासाठी, ज्याच्या फुफ्फुसातलं प्रेशर जास्त आहे त्याच्यासाठी कारण पंप बसवल्यावर ते काही महिन्यांत उतरू शकतं आणि मग ट्रान्सप्लांटचं दार परत उघडतं, आणि ज्याला वयामुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे ट्रान्सप्लांट होणारच नाही त्याच्यासाठी. दिरांना यातल्या नेमक्या कुठल्या कारणासाठी सुचवलंय ते पहिल्यांदा विचारा. उजव्या बाजूची ताकद कशी आहे तेही विचारा, कारण हा पंप फक्त डाव्या बाजूला मदत करतो.

खर्च एक कोटीच्या आसपास जातो हे खरंय आणि आपल्या देशात हा पंप इतका कमी बसवला जातो त्याचं मुख्य कारण तेच आहे.

तालुक्याच्या गावाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण मशीनबरोबर जगणं हे घराचं काम होतं. बॅटऱ्या पंधरा-सोळा तास चालतात पण चार्ज कराव्याच लागतात, रात्री झोपताना तो विजेला जोडलेला असतो, आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात किती वेळा लाईट जाते ते तुम्हाला माहीत. भरवशाचा इन्व्हर्टर, अर्थिंग तपासलेलं, जास्तीच्या बॅटऱ्या कायम भरलेल्या, महावितरणच्या ऑफिसला लेखी कळवलेलं, एवढं हवंच. वायर जिथून बाहेर येते तिथलं ड्रेसिंग घरातल्या कुणीतरी शिकून स्वच्छ हाताने करायचं, तिथूनच जंतू आत जातात. रक्त पातळ ठेवायची गोळी कायम, रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआर तपासणी कायम. विहिरीत-नदीत उतरायचं नाही, एमआरआय करायचा नाही. आणि गावातल्या डॉक्टरांना आधीच नेऊन दाखवा, कारण या पेशंटची नाडी पुष्कळदा हाताला लागतच नाही आणि नेहमीच्या यंत्रावर बीपीही नीट येत नाही, ज्याला माहीत नाही तो घाबरून भलतंच काहीतरी करून बसेल.

प्रश्न : भाच्याचा बाईक अपघात झाला, २२ वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले ब्रेन डेड आहे, अवयवदान करता का. पण त्याची छाती हलत होती, अंग गरम होतं. आम्ही नाही म्हणालो. आता रात्र रात्र झोप येत नाही. आमचं चुकलं का? (नाशिक)

उत्तर : नाही, चुकलं नाही. अशा वेळी नाही म्हणण्याचा कुटुंबाला पूर्ण हक्क आहे आणि त्या हक्कावर कुणी बोट ठेवू नये. पण तुमच्या मनात बहुधा दुसराच प्रश्न असेल, तो खरंच गेलेला होता का. हो, गेलेला होता. छाती व्हेंटिलेटरमुळे हलत होती. हृदयाला स्वतःचा ठोका देणारी गाठ त्याच्या आतच असते त्यामुळे मेंदू पूर्ण मेला तरी ऑक्सिजन मिळेपर्यंत ते काही काळ धडधडत राहतं, आणि म्हणून अंग गरम लागतं. कोमात मेंदू जिवंत असतो, तिथून माणूस परत येऊ शकतो. ब्रेन डेथमध्ये मेंदूचा देठच मेलेला असतो, व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करून बघितलं तरी एकही श्वास येत नाही. हे चार डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून, आणि ट्रान्सप्लांट टीमचा डॉक्टर त्या चौघांत बसू शकत नाही.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण केलं होतं, केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केल्याला तीन महिनेही झाले नव्हते. पेशंट काही तासच जगला. त्या काळी शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून द्यायची चांगली औषधं नव्हती आणि ब्रेन डेथला आपल्याकडे कायद्यात जागाच नव्हती. ती १९९४ साली मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. म्हणजे कायदा होऊन आता तीस वर्षं उलटून गेली तरी ब्रेन डेथ म्हणजे काय हे कुटुंबाला आयसीयूच्या दारात उभं करून पहिल्यांदा सांगितलं जातं, हे मला मनापासून खटकतं. नुसतं डोनर कार्ड भरून भागत नाही, जवळच्या नातेवाईकाची सही लागतेच. म्हणून ज्यांना द्यायची इच्छा आहे त्यांनी जेवताना, गप्पा मारताना, घरात ते मोठ्याने बोलून ठेवा.

प्रश्न : आम्ही शेतकरी कुटुंब, पिवळं रेशनकार्ड. मुलीचं (१९) ट्रान्सप्लांट सांगितलंय. पैसे कुठून आणायचे? (बुलढाणा)

उत्तर : खासगी हॉस्पिटलात साधारण वीस ते पस्तीस लाख सांगतात, म्हणून आधी सरकारी-पालिकेच्या हॉस्पिटलचा विचार करा. केईएममध्ये जुलै २०२४ पासून हृदय प्रत्यारोपण परत सुरू झालंय, तिथे खर्च खूपच कमी येतो. खासगी ट्रस्टच्या हॉस्पिटलांना धर्मादाय योजनेखाली दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागाला भेटा, काउंटरवर विचारून परत येऊ नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण कुठल्या हॉस्पिटलात कुठला उपचार त्यात बसतो ते आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान सहायता निधी, दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधी, तिन्हीकडे अर्ज करता येतो आणि हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक सगळीकडे लागतं. हार्टच्या ऑपरेशनसाठी जाताना रेल्वेच्या तिकिटात पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत आहे, त्याचा फॉर्म डॉक्टर भरून देतात.

एक गोष्ट मात्र पैसे जमवायच्या आधी समजून घ्या. ऑपरेशननंतर गोळ्या जन्मभर लागतात, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड, सुरुवातीला तपासण्या धरून महिन्याला साधारण दहा ते वीस हजार. पहिल्या वर्षात हृदयातून सुईएवढा तुकडा काढून पुन्हा पुन्हा तपासावा लागतो, त्यासाठी येणं-जाणं. ऑपरेशनसाठी लोक वर्गणी देतात पण तिसऱ्या वर्षीच्या गोळ्यांना कुणी देत नाही, आणि गोळ्या चुकल्या की हृदय जातं. तेव्हा जमलेल्या पैशातला एक वाटा पहिल्या दिवसापासून गोळ्यांसाठी वेगळा ठेवा.

प्रश्न : माझं ट्रान्सप्लांट होऊन दोन वर्षं झाली, एकदम ठणठणीत आहे. यंदा वारीला जावं म्हणतोय. घरचे नको म्हणतात. शेजारच्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा दिलाय तो घेऊ का? (कोल्हापूर)

उत्तर : दादा, पत्र वाचून फार बरं वाटलं. काढा मात्र नको. तुमच्या सगळ्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठी आहेत कारण तीच नवीन हृदयावर हल्ला करते, आणि तुम्ही ती वाढवायचा काढा घेणार म्हणजे उलटंच झालं. पपनस आणि चकोतराही खाऊ नका, त्यांनी टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण चढतं.

पूर्ण वारी मी सुचवणार नाही. चालणं हा प्रश्न नाहीये, पाणी, गर्दी आणि पाऊस हा प्रश्न आहे. तुम्हाला साधे जुलाब झाले तरी टॅक्रोलिमस एकदम वाढून किडनीला त्रास होऊ शकतो. पण जेजुरी ते वाल्हे यासारखा एखादा छोटा टप्पा, सोबत घरचं माणूस, रात्री मुक्कामाला गाडीने परत, असं डॉक्टरांना विचारून जमवता येईल. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद, खाणं समोर शिजलेलं गरम, कापलेली फळं-काकडी नको, तोंडाला मास्क, पाय कोरडे, मोजे बदलायचे, डोक्यावर टोपी कारण या गोळ्यांवर उन्हाने त्वचेचा कॅन्सर व्हायचा धोका वाढतो. गोळ्यांची बारा तासांची वेळ विठ्ठलाच्या गजरातसुद्धा चुकवायची नाही, गोळ्या गाडीतल्या उन्हात ठेवायच्या नाहीत.

आणि हे लक्षात घ्या, ऑपरेशनमध्ये हृदयाच्या नसा तुटतात. म्हणून बसल्या जागीसुद्धा तुमचे ठोके ९०-१०० असतात, चालायला लागल्यावर ते उशिरा वाढतात आणि थांबल्यावर उशिरा उतरतात. सुरुवातीची दहा मिनिटं अगदी सावकाश चाला. त्याच नसा नसल्यामुळे नवीन हृदयाच्या नळ्या आकसल्या तरी पुष्कळदा छातीत दुखत नाही, त्यामुळे ठणठणीत वाटतंय म्हणून वार्षिक अँजिओग्राफी पुढे ढकलू नका. ताप १०० च्या वर गेला किंवा दम लागला तर पॅरासिटामॉल घेऊन पुढे चालायचं नाही, सेंटरला फोन करायचा.

प्रश्न : आजी ७९, तीन वर्षं हार्ट फेल्युअर, किडनीही कमी चालते. ती म्हणते आता मला कुठल्या हॉस्पिटलात नेऊ नका. आम्ही ऐकलं तर तिला मारल्यासारखं होईल का? (रत्नागिरी)

उत्तर : होणार नाही. या वयात या किडनीवर ट्रान्सप्लांट किंवा मशीन बसत नाही, आणि आजींनी विचार करून सांगितलेलं ऐकणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. फक्त उपचार कशासाठी ते बदलतं. दम कमी करणं, सूज कमी करणं, झोप लागणं यासाठी आता गोळ्या. लघवीच्या गोळीचा डोस वजनाप्रमाणे घरीच कमी-जास्त करायला डॉक्टरांकडून शिकून घ्या, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय समजा. दम खूप लागत असेल तर अगदी कमी डोसमध्ये मॉर्फिन देतात, त्याने जीव घाबरणं कमी होतं, व्यसनाची भीती इथे ठेवू नका. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करण्याचे उपचार, करणाऱ्या डॉक्टर-नर्सना आत्ताच गाठा, शेवटच्या आठवड्यात नाही. आजींना शॉक देणारं मशीन बसवलेलं असेल तर त्याचे शॉक पुढे कधी बंद करायचे ते हृदयविकारतज्ज्ञांशी बोलून ठेवा, नाहीतर अखेरच्या तासांत मशीन शॉक देत राहतं आणि ते फार वाईट असतं.

त्यांची इच्छा कागदावर उतरवा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही एवढं पुरतं. त्यात निर्णय कुणी घ्यायचे त्यांची नावं घाला, आणि एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या, म्हणजे मुंबईहून धावत आलेला नातेवाईक ऐनवेळी आजींना उचलून आयसीयूत नेणार नाही.

प्रश्न : एका सेंटरने सलाईनमधून नळ्या साफ करून आणि स्टेम सेल देऊन ट्रान्सप्लांट टाळू म्हणून सांगितलं. साडेतीन लाखांचं पॅकेज, पन्नास हजार ॲडव्हान्स भरला. काकांचं पंपिंग १८ आहे. (जळगाव)

उत्तर : पुढचे पैसे भरू नका. सलाईनने नळ्या साफ करणं, म्हणजे चिलेशन, हा हार्ट फेल्युअरचा उपचार नाही, आणि स्टेम सेलला या आजारासाठी आपल्याकडे नेहमीचा उपचार म्हणून मान्यता नाही. पंपिंग १८ असलेल्या माणसाला वरचेवर सलाईन चढवलं तर फुफ्फुसात पाणी व्हायचाच धोका. आणि त्याहून वाईट म्हणजे अशा ठिकाणी पुष्कळदा चालू गोळ्या बंद करायला सांगतात, काकांच्या बंद केल्या असतील तर आज संध्याकाळच्या आत त्यांच्या जुन्या डॉक्टरांना फोन करून कुठल्या लगेच सुरू करायच्या ते विचारा. साताऱ्याच्या ताईंना लिहिलेलं सगळं काकांनाही लागू आहे, राहिलेले तीन लाख त्या तपासणीसाठी ठेवा. ॲडव्हान्स लेखी अर्ज करून परत मागा, आणि पावती हरवू देऊ नका.